‘खरं सांग, तिला राग आला असेल का?’

ग्रुपवर मेसेज टाकला, ब्लू टिक आली, पण रिप्लाय नाही. आपण जरा जास्तच बोललो का? इतपत सगळ्यांनाच वाटतं, आणि कॅन्टीनचा चहा येईपर्यंत आपण विसरूनही जातो. काहींची मात्र हीच शंका रात्री दीडपर्यंत चालते. तोच मेसेज पुन्हा पुन्हा वाचायचा, दुपारचं बोलणं शब्द न् शब्द आठवून तपासायचं आणि शेवटी जवळच्या मैत्रिणीला फोन करायचा, ‘खरं सांग, तिला राग आला असेल का?’ ती म्हणते, ‘नाही गं, वेडी आहेस का?’ अर्धा तास बरं जातं. मग पुन्हा तेच.

हा ओसीडी असू शकतो, हे पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. ओसीडी म्हणजे आपल्या मराठीतला मंत्रचळ. तो म्हटला की सतत हात धुणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. नाहीतर टेबल आवरल्याचा फोटो टाकून ‘मी जरा ओसीडीच आहे’ असं कॅप्शन देणारे असतात (ते आता पुरे). खरं तर या आजारात नको असलेला विचार सारखा डोक्यात घुसतो आणि त्याची अस्वस्थता घालवायला माणूस काहीतरी करत राहतो. ते ‘काहीतरी’ नळाखालीच व्हायला हवं असं नाही. सारखं सॉरी म्हणणं, बोलणं मनात रिवाइंड करणं, दुसऱ्याकडून ‘सगळं ठीक आहे’ वदवून घेणं, हेही हात धुण्यासारखंच. काहींना वेगळीच धास्ती असते: व्हायवा चालू असताना माझ्या तोंडून सरांना शिवी गेली तर? हे मनात असतं म्हणून येत नाही. उलट तसं वागणं त्यांना अजिबात पटत नाही, म्हणूनच त्या विचाराची एवढी भीती बसते. असे विचार आणि कृती दिवसातला तासाहून जास्त वेळ खात असतील किंवा त्यापायी लेक्चर, मित्र सुटत असतील, तर दाखवून घ्यायला हवं.

यात सोशल अँझायटीशी गल्लत होते. तिथे लोक काय म्हणतील याची भीती असते, इथे न संपणारी शंका आणि ती मिटवण्याचा खटाटोप. एकाच व्यक्तीला दोन्हीही असू शकतं. पण फरक ओळखणं महत्त्वाचं, कारण ‘पॉझिटिव्ह विचार कर, तसं काही नाहीये असं स्वतःला सांग’ हा सल्ला ओसीडीत उलटा पडू शकतो. स्वतःची समजूत घालणं हाच नवा मंत्रचळ होऊन बसतो.

यावरची मुख्य थेरपी म्हणजे ईआरपी. १९६६ मध्ये लंडनमधल्या व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञाने दोन रुग्णांवर तिची सुरुवातीची रूपरेषा वापरली. ज्याची भीती वाटते त्याला हळूहळू सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही, एवढंच तिचं सूत्र. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. आपल्या उदाहरणात पहिली पायरी म्हणजे मेसेज एकदाच वाचून पाठवायचा. मग मुद्दाम एक स्पेलिंग चुकवून पाठवायचा. पुढे ग्रुपमध्ये आपलं मत सांगायचं आणि ‘कसं वाटलं?’ असं कुणालाही विचारायचं नाही. त्याहून पुढे, ‘तिला राग आलाही असेल’ हे वाक्य लिहून काढायचं आणि ते खोडून न काढता झोपायला जायचं. सुरुवातीला अस्वस्थता वाढते. थेरपिस्टसोबत आठवड्याला एक याप्रमाणे साधारण १२ ते २० सेशन्स होतात, शिवाय होमवर्क असतोच.

औषधंही आहेत. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन अशी एसएसआरआय गटातली. त्यांचं व्यसन लागत नाही, पण घाई चालत नाही. ओसीडीत डोस बहुतेकदा डिप्रेशनपेक्षा जास्त लागतो आणि फरक कळायला ८ ते १२ आठवडे जातात. सुरुवातीला मळमळ, झोपेत बदल होऊ शकतो. पंचविशीच्या आतल्यांमध्ये पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना, यावर डॉक्टर लक्ष ठेवतात. तसं काही जाणवलं तर लगेच सांगायचं. परीक्षा आली म्हणून गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत. या औषधांनी भागलं नाही तर क्लोमिप्रामिन हे जुनं औषध असतं. सगळ्यांचाच आजार पूर्ण जातो असं नाही, पण बऱ्याच जणांचा इतका कमी होतो की कॉलेज नीट सुरू राहतं.

आता त्या मैत्रिणीचं काय, जिला रोज रात्री फोन येतो? तिचं ‘नाही गं’ प्रेमाचंच असतं, पण आजाराला खाऊ तेच घालतं. म्हणून थेरपीत घरच्यांना, मित्रांनाही सामील करून घेतात. दोघींनी आधीच ठरवायचं आणि मग उत्तर असं द्यायचं: ‘हा प्रश्न तुझा नाही, ओसीडीचा आहे. याचं उत्तर मी देणार नाही, पण मी इथेच आहे.’ ती चिडेल. पहिल्या आठवड्यात तर हमखास.

औषधं मानसोपचारतज्ज्ञ देतात, थेरपी बहुतेकदा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट घेतात. अपॉइंटमेंट घेतानाच ‘तुम्ही ईआरपी करता का?’ असं विचारा, सगळेच करत नाहीत. खासगी फी परवडत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात मानसोपचार ओपीडी असते. मुंबईत केईएम, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळी. आणि थेट ओपीडीत जायचा धीर होत नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे: १४४१६. ती २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं आणि रात्री दीडलाही फोन उचलला जातो.