‘अ‍ॅब्स्कॉन्डिंग’ : गैरहजर की फरारी?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या वस्तीतला एक तरुण संध्याकाळी घरी आला. हातात एक कागद होता. “काका, एवढं इंग्रजी वाचून सांगा,” म्हणाला. त्याच्या कंपनीतून आलेले तीन ओळींचे पत्र होते. गावी वडिलांना लकवा झाला म्हणून तो अकरा दिवस कामावर गेला नव्हता. सुपरवायझरला फोन केला होता, पण लेखी काहीच दिले नव्हते. पत्रात लिहिले होते, ‘यू आर अ‍ॅब्स्कॉन्डिंग’. त्याला वाटले, गैरहजर असाच अर्थ असेल. मी खरा अर्थ सांगितला तेव्हा मागोमाग आलेली त्याची आई उंबऱ्यातच खाली बसली. “भाऊ, माझ्या पोरानं चोरी केली का?” एवढेच ती विचारत राहिली.

त्या माउलीला शब्दाचे वजन बरोबर कळले होते.

‘अ‍ॅब्स्कॉन्ड’ हा शब्द लॅटिन भाषेतून इंग्रजीत आला. मूळ अर्थ दूर नेऊन दडवणे. म्हणजे यात नुसते जाणे नाही, लपणे आहे. कायद्याच्या, देण्याच्या किंवा जबाबदारीच्या भीतीने गुपचूप निघून जाणे आणि तोंड लपवणे, हा त्याचा अर्थ. पतपेढीची रक्कम घेऊन कोणी पोबारा केला तर ‘अ‍ॅब्स्कॉन्डेड विथ द मनी’ असे म्हणतात. आपल्याकडे पोलीस ज्याला ‘फरारी’ म्हणतात तो ‘अ‍ॅब्स्कॉन्डर’.

‘एस्केप’ हा त्याचा भाऊबंद, पण स्वभाव वेगळा. हाही लॅटिनमधून आला. पकडणाऱ्याच्या हातात अंगावरचा झगा सोडून निसटणे, असे त्याचे मूळ सांगतात. आगीतून, पुरातून, जुलमातून माणूस सुटतो तेव्हा ‘एस्केप’ म्हणतात. त्यात दोष असेलच असे नाही. ‘अ‍ॅब्स्कॉन्ड’मध्ये मात्र दोषाचा डाग आधीच लागलेला असतो. इंग्लंडच्या तुरुंग खात्याने तर दोन्ही शब्दांची वाटणीच केली आहे. भिंत, कुंपण, कुलूप यांवर मात करून कैदी पळाला तर ‘एस्केप’, आणि खुल्या तुरुंगातून नुसता चालता झाला तर ‘अ‍ॅब्स्कॉन्ड’.

आता आपला कायदा पाहू. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ८२ मध्ये फरारी माणसाबद्दलची जाहीर उद्घोषणा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ८४ मध्ये तीच तरतूद आहे. आधी न्यायालयाचे वॉरंट निघावे लागते. माणूस पळाला आहे किंवा लपून बसला आहे, असे मानण्यास न्यायालयाला कारण असावे लागते. मग लेखी उद्घोषणा निघते. ती गावात ठळक जागी वाचून दाखवायची, घरावर चिकटवायची आणि हजर होण्यासाठी किमान तीस दिवस द्यायचे. गुन्ह्याच्या आरोपीला कायदा एवढी सवड देतो. आणि बापाच्या उशाशी बसलेल्या कामगाराला मात्र एका पत्रात फरारी ठरवले जाते!

कारखान्यांत आणि ठेकेदारांकडे हा शब्द आज सर्रास वापरतात. खरा शब्द ‘अ‍ॅबसेंट’ आहे, म्हणजे गैरहजर. मी स्वतः कारकून आहे. साहेबांनी सांगितले म्हणून मीही एकदा मस्टरच्या शेऱ्यात ‘अ‍ॅब्स्कॉन्डिंग’ लिहिले होते. तो माणूस दवाखान्यात होता, हे नंतर कळले. शेरा माझ्याच अक्षरात होता, हे अजून टोचते. पुढची नोकरी देणारा हाच शेरा वाचतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज या खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर म्हणून त्या कामगाराचे नाव कमी केले होते. त्याचे म्हणणे होते की, मी रोज येत होतो, मला फाटकावरच अडवले. न्यायालयाने सांगितले की, बाजू ऐकून न घेता आणि चौकशी न करता नोकरी काढून घेणे न्यायाला धरून नाही. घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात उपजीविकाही येते. त्याला अर्ध्या मागील पगारासह कामावर परत घेण्याचा हुकूम झाला.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, १९४६ साली स्थायी आदेशांचा कायदा झाला. कामाच्या अटी इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत फाटकाजवळच्या फलकावर लावाव्यात, असे त्यात होते. त्याची जागा पुढे औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली. पण ज्या शब्दाने भाकरी जाते तो शब्द कामगाराला समजला पाहिजे, ही गोष्ट आजही तितकीच खरी आहे.

म्हणून बंधू-भगिनींनो, काही गोष्टी ध्यानात ठेवा. अडचण आली तर रजेचा अर्ज लेखी द्या. घाईत असाल तर फोनवर संदेश पाठवा आणि तो पुसू नका. दवाखान्याचे कागद जपा. असे पत्र आले तर गप्प बसू नका. लगेच स्पीड पोस्टाने उत्तर द्या आणि पोस्टाची पावती व उत्तराची झेरॉक्स घरी ठेवा. नोकरी सोडायचीच असेल तर राजीनामा देऊन सोडा. न सांगता जाणे बंद करू, तेव्हाच हा शब्द ठामपणे नाकारता येईल.

त्या रात्री आम्ही उत्तर लिहिले, ‘आय वॉज अ‍ॅबसेंट, नॉट अ‍ॅब्स्कॉन्डिंग’. मी गैरहजर होतो, फरारी नव्हतो. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला. पुढे त्याला बोलावून बाजू ऐकली आणि कामावर घेतले. अकरा दिवसांचा पगार गेला, पण नावापुढचा शेरा खोडला गेला. त्याच्या आईने ते नवे पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतले.

इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारण्यात लाज नाही. अर्थ न विचारता सही करू नका, एवढेच सांगणे.