मोटारीचे पांघरूण आणि पाण्याची वाफ

उघड्यावर उभ्या मोटारीवर प्लॅस्टिकचा कागद टाकला की पाऊस अडतो. पण आतली वाफही अडते! ओल्या जमिनीतून उठणारी वाफ कागदाखाली कोंडते. रात्री कागद व पत्रा थंड झाले की तिचे थेंब बनतात. रंग खरचटलेल्या जागी पाणी व ऑक्सिजन मिळून लोखंड गंजते.

म्हणून आच्छादन सूक्ष्म छिद्रांचे हवे. पावसाचा थेंब साधारण १ ते २ मिलिमीटरचा असतो. पाण्याचा रेणू मात्र मिलिमीटरच्या तीस लाखाव्या भागाहूनही लहान! त्यामुळे थेंब अडतो, वाफ निसटते.

धुळीकडेही लक्ष हवे. तिच्यातले क्वार्ट्‌झचे कण मोटारीच्या रंगापेक्षा कठीण असतात. धुळकट गाडीवर आच्छादन ओढले किंवा ते वाऱ्याने फडफडले, तर पॉलिश पेपर घासल्यासारखे ओरखडे उठतात. गाडी धुऊन, सुकवून मगच झाकावी. आच्छादन खालून घट्ट बांधावे.

वर्गात करून पाहा : दोन पेल्यांत कोमट पाणी घ्या. एकाच्या तोंडावर प्लॅस्टिक, दुसऱ्याच्या तोंडावर सुती रुमाल बांधा. दहा मिनिटांनी थेंब कोठे दिसतात? दुसऱ्या पेल्यातली वाफ कोठे गेली? उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.