शून्य आणि ‘नोंद नाही’

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात चकलांबा हे महसूल मंडळ आहे. मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, की अतिवृष्टी मानली जाते; पिकांच्या नुकसानीची मदत ठरवताना हा आकडा पाहिला जातो. राज्यात ‘महावेध’ प्रकल्पातून मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे आली आणि ही नोंद यंत्राकडे गेली. अशा तक्त्यात ‘शून्य’ म्हणजे पाऊस पडला नाही आणि रिकामा रकाना म्हणजे ठाऊक नाही. दुसऱ्याचा अर्थ पहिल्यासारखा लावला, तर पीक वाहून गेलेला शेतकरी कागदावर कोरडाच राहतो.

सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो. लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणे म्हणजे ‘बिल्ड’. मोठ्या प्रकल्पांत बिल्ड आणि त्यामागोमागच्या चाचण्या आपोआप होतात. पण आकड्यांतले बाइट कोणत्या क्रमाने ठेवायचे, याची रीत सगळ्या प्रोसेसरांची एक नसते. त्यामुळे एका यंत्रावर सुरळीत चालणारा कोड दुसऱ्यावर फसू शकतो.

पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसने यावर काढलेला मार्ग पाहण्याजोगा आहे. 1986 साली बर्कले विद्यापीठात त्याचे काम सुरू झाले. आज पुण्यातले अभियंतेही त्यावर काम करतात. 2004 साली अँड्र्यू डन्स्टन यांनी त्यासाठी ‘बिल्डफार्म’ उभारले. जगभरचे स्वयंसेवक आपापली यंत्रे त्याला जोडतात आणि प्रत्येक यंत्राला एका प्राण्याचे नाव मिळते. यंत्र ताजा कोड उतरवून घेते, बिल्ड करते, तपासते आणि निकाल मध्यवर्ती सर्व्हरला कळवते. तिथे तो पोस्टग्रेसच्याच डेटाबेसमध्ये साठतो. नोंदीत नुसते पास-नापास नसते. कार्यप्रणाली, कंपायलर, कोडची नेमकी आवृत्ती, वेळ, काम अडले तो टप्पा आणि सविस्तर लॉगही असतो.

या तपशिलाचे मोल दुर्मीळ दोषांत कळते. शेकडो वेळा पास होऊन एखाद्याच वेळी फसणारी चाचणी यंत्राचा मालक योगायोग म्हणून सोडून देतो. सगळ्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, की ती कोणत्या जातीच्या यंत्रांवर आणि कोणत्या तारखेपासून फसते ते दिसते. त्या तारखेवरून दोषी बदलाचा माग काढता येतो.

बिल्डफार्मच्या तक्त्यात प्रत्येक निकालासमोर तो किती वेळापूर्वी आला हेही लिहिलेले असते. तीन आठवडे गप्प असलेल्या यंत्राचा हिरवा रंग म्हणजे आजचे यश नव्हे, हे वाचणाऱ्याला लगेच कळते. असा डेटाबेस आखताना निकालाइतकाच ‘शेवटचे कधी कळवले’ हा रकाना गरजेचा ठरतो. पंचनाम्याच्या दिवशी चकलांब्याच्या शेतकऱ्यालाही हाच रकाना पाहायला मिळायला हवा.