पुस्तक मिटा, मग अभ्यास

दहावीचं वर्ष लागलं की घरातल्या प्रत्येकाला अभ्यासातलं कळायला लागतं. केबल बंद होते, मामेभावाच्या लग्नाला फक्त बाबा जाऊन येतात, आणि मूल टेबलाशी किती वेळ बसलं याचा हिशेब आजीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे ठेवतात. पण तास मोजता येतात ते बसण्याचे. शिकणं कसं होतं यावर मानसशास्त्रज्ञांनी केलेले प्रयोग पाहिले, तर घराला जो अभ्यास वाटतो त्यातला बराचसा फार कमी उपयोगाचा निघतो. आणि ज्याने खरंच डोक्यात राहतं, ते करताना मूल अडखळतं, चुकतं, वैतागतं. म्हणून आपण नेमकं तेच थांबवतो.

गैरसमज : धडा चार-पाचदा वाचला की पाठ होतो

वाचताना तसं वाटतं खरं. दुसऱ्या वाचनात ओळी ओळखीच्या होतात, चौथ्यात पुढचं वाक्य डोळ्यांच्या आधी धावतं. मुलाला वाटतं, झालं. पण समोर दिसलेलं ओळखणं आणि समोर काहीच नसताना आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. परीक्षेत लागतं ते दुसरं.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना विज्ञानातले छोटे उतारे दिले. एका गटाने चारही सत्रांत उतारा वाचला. दुसऱ्याने फक्त पहिल्या सत्रात वाचला आणि पुढच्या तिन्ही सत्रांत न बघता आठवेल तेवढं लिहिलं. ज्यांची परीक्षा पाच मिनिटांनी झाली त्यांच्यात वाचणारे पुढे होते : ८३ टक्के, तर लिहिणारे ७१. ज्यांची आठवड्याने झाली त्यांच्यात चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. गंमत म्हणजे, आपल्याला पुढे किती आठवेल याबद्दल सगळ्यात जास्त खात्री वाचणाऱ्या गटालाच होती.

म्हणजे रात्री धडा वाचून ‘मला सगळं येतंय’ म्हणणारं मूल थापा मारत नसतं. त्या रात्रीपुरतं त्याला खरंच येत असतं.

मग करायचं काय? इतिहासाचा धडा एकदा नीट समजून वाचायचा आणि पुस्तक मिटायचं. कोऱ्या कागदावर मुद्दे, कारणं, परिणाम, जे आठवेल ते लिहायचं. अडलं की लगेच पान उघडायचं नाही. दोन मिनिटं डोकं खाजवायचं. नंतर पुस्तक उघडून सुटलेलं वेगळ्या रंगाच्या पेनने भरायचं. दुसऱ्या वेळी त्या रंगाच्या ओळी कमी झालेल्या दिसतात, आणि मुलाला स्वतःची प्रगती दुसऱ्या कुणी सांगावी लागत नाही.

‘लिहून काढ, म्हणजे लक्षात राहील’ हा घरोघरचा सल्ला अर्धाच बरोबर आहे. गाईड उघडं ठेवून वहीत उत्तर उतरवलं तर हात दुखतो, पानं भरतात आणि आई खूश होते, पण डोक्याला फारसं काम पडत नाही. मिटलेल्या पुस्तकाने लिहिलेलं अर्धं पानही त्याहून मोलाचं. फ्लोरोसेंट पेनाचीही तीच गत. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं. अधोरेखन आणि पुन्हा पुन्हा वाचणं तळाला गेलं. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांत विभागून करणं या दोन पद्धती वर राहिल्या.

इथे पालकांना खरी मदत करता येते आणि त्यासाठी विषय येण्याची गरज नाही. पोळ्या लाटता लाटता विचारा, ‘विजेच्या बिलातले युनिट कसे काढतात गं? मला सांग बघू.’ सांगताना ती अडखळली तर कुठे अडखळली ते तिलाच कळतं. रागावायचं मात्र नाही, नाहीतर पुढच्या वेळी ‘नंतर सांगते’ एवढंच ऐकायला मिळेल.

गैरसमज : एका प्रकरणाचा फडशा पाडल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये

गणितात हा सल्ला सर्रास दिला जातो. वर्गसमीकरणांची पन्नास गणितं सलग सोडवली की मुलाचा हात बसतो, सगळी उत्तरं बरोबर येतात, घर निर्धास्त होतं. पण त्या सरावसंचात कोणती रीत वापरायची हे प्रकरणाच्या नावानेच सांगितलेलं असतं. बोर्डाच्या बीजगणिताच्या पेपरात अंकगणिती श्रेढी, संभाव्यता, अर्थनियोजन, रेषीय समीकरणं सगळी एकत्र येतात. गणित वाचून ‘हे कशातलं आहे’ हे ओळखणं हेच अर्धं काम, आणि त्याचा सराव झालेलाच नसतो.

डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली हे आकड्यांत दाखवलं. विद्यार्थ्यांना चार प्रकारच्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. काहींनी एका प्रकाराची गणितं संपवून पुढच्या प्रकाराची घेतली, काहींनी सगळी मिसळून सोडवली. सरावात पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत पहिला गट २० टक्क्यांवर घसरला. दुसरा ६३ वर टिकला.

तेव्हा प्रत्येक रीत आधी तिच्या सरावसंचावर शिकावीच. दोन-तीन प्रकरणं झाली की मात्र गणितांचे क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकावेत आणि येईल ती चिठ्ठी उचलून सोडवावी. पाठ्यपुस्तकातला प्रकरणाअखेरचा संकीर्ण प्रश्नसंग्रह थोडंफार हेच करतो, पण एका प्रकरणापुरतं. पहिले काही दिवस चुका वाढतील. त्यावरून ‘आधी येत होतं ते आता विसरलास?’ असं कुणी म्हणू नये. चुका इथे व्हायलाच हव्यात.

वेळ विभागण्याचंही तसंच. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला होता, १८८५ साली. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग मंदावतं. थोडं विसरू देऊन पुन्हा आठवलं तर ते अधिक टिकतं, हे पुढच्या अनेक प्रयोगांत दिसलं. रविवारी सलग पाच तास भूगोल करण्यापेक्षा तेच पाच तास तीन आठवड्यांत पसरलेले बरे.

गैरसमज : पहाटे चारला उठणारी मुलंच पुढे जातात

पहाटेच्या अभ्यासाचं आपल्याकडे फार कौतुक आहे. वयात येताना मुलांचं शरीरघड्याळ मात्र पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन त्यांच्या शरीरात उशिरा पाझरू लागतं, म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाला दहाला झोप येत नाही आणि पहाटे डोळे उघडत नाहीत. त्याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. १३ ते १८ वयाला आठ ते दहा तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली सांगितलं. अकराला झोपलेल्या मुलाला चारला उठवलं तर पाच तास मिळतात. दिवसभर शिकलेलं पक्कं होतं ते झोपेत. ती कापली की आदल्या दिवशीची मेहनतही वाया जाते. एखादं मूल साडेआठला झोपून आपणहून लवकर उठत असेल तर त्याला अडवू नका, इतकंच.

जाता जाता : चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश महाराष्ट्र सरकारने २०२४ साली काढला. चांगलंच झालं. पण शरीरघड्याळाचा विचार केला तर ही सवलत आठवी-नववी-दहावीला जास्त गरजेची आहे.

गैरसमज : आमचा ‘बघून शिकणारा’ आहे

कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, आणि तसं शिकवलं तरच डोक्यात शिरतं, ही समजूत शिक्षकांतही पसरली आहे. हॅरोल्ड पॅश्लर आणि तीन सहकाऱ्यांनी २००८ साली याचे पुरावे तपासले, तेव्हा ते पुरेसे नसल्याचं आढळलं. आवड वेगवेगळी असते. पण भूगोलाला नकाशा सगळ्यांनाच लागतो आणि कवितेची लय सगळ्यांनाच ऐकावी लागते. बोटांचे ठसे घेऊन मुलाचा मेंदू कसा आहे ते सांगणाऱ्या चाचण्यांना तर शास्त्रीय आधारच नाही. ते पैसे वाचवा.

गैरसमज : एक पेपर गेला की सगळं गेलं

ही भीती बहुतेक वेळा मोठ्यांच्या बोलण्यातून मुलांकडे जाते. मंडळाचे नियम पाहिले तर ती टिकत नाही. गणिताचे दोन पेपर ४०-४० गुणांचे असतात आणि उरलेले २० गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे. उत्तीर्ण व्हायला लागतात १०० पैकी ३५. टक्केवारी काढताना सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरले जातात. एक-दोन विषय राहिलेच तर एटीकेटीच्या सवलतीने अकरावीला प्रवेश मिळू शकतो, आणि पुरवणी परीक्षा त्याच वर्षी, निकालानंतर थोड्याच आठवड्यांत होते. हे सगळं निकालाच्या दिवसापर्यंत राखून ठेवू नका. पूर्वपरीक्षेच्या आधीच मुलांना सांगून टाका.