सीपीयूला खोचलेला पेन ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे

"बॅकअप आहे नं भाऊ, रोज पेन ड्राइव्हमध्ये टाकतो." सावली, मूल, सिंदेवाही, व्याहाड, कुठल्याही राईस मिलच्या ऑफिसात किंवा कृषी केंद्राच्या गल्ल्यावर विषय काढा, हेच उत्तर येतं. कुठे आहे तो पेन ड्राइव्ह, असं विचारलं की टेबलाखालच्या सीपीयूकडे बोट जातं. तिथे तो धुळीने माखून महिनोन्‌महिने खोचलेला असतो. याचा राग येतो, कारण हे सांगणारा माणूस निष्काळजी नसतो. रोज संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी तो न चुकता कॉपी करतो. पण संकट येईल तेव्हा ती कॉपी हाती लागणार नाही, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

तर नीट बघू. डाटा जातो कशाने? मृगाच्या गडगडाटात वीज पडून जास्तीचा दाब आला, तर मदरबोर्ड जळतो आणि त्याला जोडलेलं सगळंच धोक्यात येतं. चोर सीपीयू उचलतो तेव्हा पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवून जात नाही. आगीचं आणि पुराचंही तेच. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस गोसीखुर्दमधून पाणी सोडल्यावर वैनगंगेला महापूर आला आणि ब्रह्मपुरी तालुक्यातली नदीकाठची गावं पाण्यात गेली. अशा पाण्यात संगणक आणि त्याला खोचलेला पेन ड्राइव्ह एकाच वेळी बुडतात.

सगळ्यात वाईट म्हणजे रॅन्समवेअर, खंडणी मागणारा व्हायरस. तो फाइल चोरत नाही, जागच्या जागी कुलूपबंद करतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. हे काम करताना तो सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह, जोडलेला पेन ड्राइव्ह, शेजारच्या संगणकावरचं शेअर केलेलं फोल्डर, समोर दिसेल ते सगळं घेत जातो. विंडोजने स्वतः ठेवलेल्या जुन्या प्रतीही अनेक प्रकारचे रॅन्समवेअर आधी पुसून टाकतात. संगणक जिथे लिहू शकतो, तिथे व्हायरसही लिहू शकतो. कायम जोडलेला पेन ड्राइव्ह त्याच्या दृष्टीने आणखी एक ड्राइव्ह असतो, बस.

"पण आमच्यासारख्यांच्या मागे कोण लागणार?" याचं उत्तर न्हावाशेवा बंदराने दिलेलं आहे. २७ जून २०१७ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला तो युक्रेनमध्ये, तिथल्या एमई-डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. त्या बंदराच्या वाईटावर कुणीही नव्हतं. तरी तिथलं मार्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं, कारण मार्स्कचे जगभरचे संगणक एकमेकांना जोडलेले होते. त्या कंपनीला सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले, हे तिच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८मध्ये दावोसला जाहीरपणे सांगितलं. कुणाला कुठे प्रवेश द्यायचा हे ठरवणारे त्यांचे मुख्य सर्व्हर जवळपास १५० होते आणि ते एकमेकांची प्रत ठेवत होते. एवढ्या प्रती असताना काळजी कसली, असंच कुणालाही वाटेल. पण सगळ्या प्रती एकमेकींना जोडलेल्या, म्हणून सगळ्या एकदमच गेल्या. वाचला तो आफ्रिकेतल्या घाना देशातला एकच सर्व्हर, कारण त्या वेळी तिथली लाइन गेली होती. तो बंद होता, म्हणजेच तुटलेला होता, एवढ्यावरच बाकीची उभारणी झाली.

आपल्या एमआयडीसीवर मार्च २०२१मध्ये रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि महामंडळाच्या कार्यालयांचं संगणकी काम थांबलं. बॅकअपच्या फाइल क्लाउडवर नेटवर्कच्या वेगळ्या भागात होत्या, त्यांना लागण झाली नाही, असं महामंडळाने सांगितलं होतं. वेगळं ठेवण्याचा अर्थ हा असा आहे.

आपल्या झाडीपट्टीत शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. बियाण्याचं धान तो खायच्या धानाच्या ढोलीत ठेवत नाही, कीड लागली तर दोन्ही जायला नको म्हणून. जाणकारांमध्ये याचा ३-२-१ असा नियम आहे. तो पीटर क्रॉग या छायाचित्रकाराने फोटो सांभाळण्यासाठी मांडला, पुढे अमेरिकेच्या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेनेही त्याची शिफारस केली. डाटाच्या किमान ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि १ प्रत दुसऱ्या जागी. मिलवाल्यासाठी त्याचा अर्थ असा: एक चालू संगणक, दोन बाहेरच्या हार्ड डिस्क आणि क्लाउडवरची एक प्रत. डिस्क आळीपाळीने वापरायच्या. आजची कॉपी झाली की वायर काढायची आणि डिस्क घरी न्यायची, दुसऱ्या आठवड्यात दुसरी. डिस्कला पासवर्ड लावा, कारण आत शेतकऱ्यांचे आधार आणि बँक खात्यांचे नंबर असतात. खर्च दोन डिस्कचा. एका हंगामाची भरडाई नोंदींशिवाय सिद्ध करायची वेळ आली तर काय होईल, हे कुठल्याही मिलमालकाला विचारा. मार्केटिंग फेडरेशन किंवा आदिवासी विकास महामंडळाकडून उचललेल्या प्रत्येक क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ जमा करायचा असतो. डिलिव्हरी ऑर्डर, लॉट, काट्याची पावती, बारदाना, यांतला प्रत्येक आकडा त्या संगणकात आहे.

आता दुसरा मुद्दा, आणि तो पहिल्याइतकाच छळतो. पेन ड्राइव्ह उघडून बघा. कितीतरी ठिकाणी आत निघतो तो टॅलीचा आयकॉन. डेस्कटॉपवर दिसतं तेच टॅली, असं समजून तो उचलून टाकलेला असतो. राईट क्लिक करून साइज बघा: एक-दोन केबी. तो नुसता पत्ता आहे, हिशेब नाही. हिशेब ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा मार्ग कंपनी निवडण्याच्या पडद्यावर दिसतो. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबलं की डाटाच्या यादीत बॅकअप आणि रिस्टोअर दोन्ही मिळतात. वापर पहिल्याचा होतो, दुसऱ्याला कुणी हात लावत नाही.

परत उघडून न पाहिलेली प्रत भरवशाची नसते. गिटलॅब ही सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठीच सेवा देणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ला तिथल्या एका अभियंत्याने चुकून चालू डाटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या, त्यांतली एकही धड उपयोगी पडली नाही, हे कंपनीनेच लपवाछपवी न करता लिहिलं. रोजचा बॅकअप आवृत्तीच्या घोळामुळे कित्येक दिवस होतच नव्हता आणि तो फसल्याचे ईमेल कुणापर्यंत पोचत नव्हते. एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी काढलेली प्रत होती, तिने अब्रू राखली. जिथे दिवसभर हेच काम चालतं तिथे ही गत, मग आपण तपासायला नको? रिस्टोअर करताना मात्र चालू कंपनीच्या फोल्डरवर करू नका, नवा डाटा जुन्याखाली गाडला जाईल. दुसऱ्या संगणकावर किंवा वेगळ्या फोल्डरमध्ये करा.

उरलेले समज थोडक्यात. संगणकात एकमेकींची प्रत ठेवणाऱ्या दोन हार्ड डिस्क आहेत म्हणून बॅकअप आहे, हे खोटं; एक डिस्क बिघडली तर दुसरी कामी येईल, पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून पुसली जाते. गूगल ड्राइव्हला सिंक आहे, म्हणजे इथे जे बिघडेल ते तिथेही बिघडेल. पुसलेली फाइल तिथल्या कचरापेटीत ३० दिवस राहते, नंतर नाही. अँटिव्हायरस असल्याने बॅकअपची गरज संपत नाही. फुकटचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर तर टाकूच नका, स्टॉप नावाचं रॅन्समवेअर कुटुंब मुख्यतः त्याच वाटेने पसरलं.

"सगळं जीएसटीच्या पोर्टलवर आहेच की!" पोर्टलवर तुम्ही भरलेली विवरणपत्रं आहेत. कोणत्या शेतकऱ्याची किती उधारी आहे, हे तिथे नाही. आणि ती विवरणपत्रंही तिथे कायमची राहतील असं धरू नका: सात वर्षांपूर्वीची दाखवायची नाहीत या धोरणाने ऑगस्ट २०२४पासून २०१७ची विवरणपत्रं हटवायला सुरुवात झाली होती, व्यापाऱ्यांनी अडचणी मांडल्यावर ती परत ठेवली. हिशेब सांभाळायची जबाबदारी कायद्याने तुमच्यावर आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे, वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर ऑगस्ट २०२२च्या दुरुस्तीपासून इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवणंही बंधनकारक आहे.

दिवाळीच्या सुमाराला धान खरेदी सुरू झाली की कुणालाच मान वर करायला फुरसत नसते. त्याआधी एका संध्याकाळी एवढं करा: सीपीयूचा तो पेन ड्राइव्ह काढा, दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करा आणि मागच्या महिन्याची अखेरची शिल्लक जुळते का ते पाहा. जुळली नाही, तर चालू संगणक अजून शाबूत आहे तोवरच दुरुस्ती करून घ्या.