रानपिंगळ्याची साद

कडावच्या शिवारात तिन्हीसांजेला चिरक्या आवाजात कलकलतो तो साधा पिंगळा. त्याच्यासारखाच दिसणाऱ्या रानपिंगळ्याचा १८८४ नंतर खात्रीचा नमुना मिळाला नव्हता. (१९१४ चा म्हणून दाखवलेला एक चोरीचा निघाला!) १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला, २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही आढळला. तेव्हा आपल्या रानांतही कान द्यायला हवा.

दोघांचे आवाज निराळे. म्हणून रानपिंगळ्याची ध्वनिमुद्रित साद वाजवतात व उत्तर आले की जागा नकाशावर मांडतात. उत्तर आले नाही, तर पक्षी नाही असे सिद्ध होत नाही. तो गप्पही बसला असेल. शिवाय हद्दीत परका नर शिरला असे समजून तो घरटे सोडून धावतो. त्यामुळे विणीच्या काळात विद्यार्थ्यांनी साद वाजवू नये. नुसते ऐकावे, तारीख-वेळ टिपावी.