टीडीएस कापला नाही म्हणून व्याज करमुक्त होत नाही

जळगाव-धुळ्याकडे चार पैसे गाठीशी असलेल्या माणसाला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, 'पतसंस्थेत टाका भाऊ, तिथलं व्याज करमुक्त असतं.' कापूस विकून आलेला शेतकरी हे सांगतो, निवृत्त शिक्षक सांगतात आणि ठेवी गोळा करणारा एजंट तर शपथेवर सांगतो. पुरावा विचारला की सगळ्यांचं उत्तर एकच असतं: 'बँक टीडीएस कापते, पतसंस्था कापत नाही. कर लागत असता तर कापला नसता का?'

हा गैरसमज इतका मुरला आहे की शिकलेली माणसंही त्यावर घरातली पुंजी ठेवतात. म्हणून एकदा नीट सांगतो. पतसंस्थेतल्या ठेवीचं व्याज करमुक्त नाही. ते ठेवीदाराचं उत्पन्न आहे आणि बँकेतल्या मुदत ठेवीच्या व्याजाप्रमाणेच ते विवरणपत्रात दाखवावं लागतं.

टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच केलेली करकपात, ही कर वसूल करण्याची फक्त एक पद्धत आहे. कर कोणी कापायचा आणि कोणत्या रकमेपुढे कापायचा, याचे नियम वेगळे असतात. 1 एप्रिल 2025 पासून बँका, सहकारी बँका आणि पोस्टासाठी ही मर्यादा वर्षाला 50 हजार रुपये व्याजाची आहे, ज्येष्ठ नागरिकांसाठी 1 लाखाची. पतसंस्था मात्र आपल्या सभासदाला व्याज देते तेव्हा आयकर कायद्याने तिला कपातीतून सूट दिली आहे. तीही सरसकट उरलेली नाही. 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर 50 कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या सहकारी संस्थांना ठरावीक मर्यादेपुढच्या व्याजावर कपात करावी लागते. म्हणजे सूट आहे ती संस्थेला आणि तीही कापण्याच्या कामातून. ठेवीदाराच्या डोक्यावरचा कर तिथेच राहतो.

या समजुतीला आणखी एक मूळ आहे. 'पतसंस्थेला आयकर माफ आहे' हे वाक्य वार्षिक सभांमधून लोकांच्या कानावर पडतं आणि ते बव्हंशी खरंही आहे. कलम 80पी नुसार सभासदांना कर्ज देण्याच्या व्यवसायातून संस्थेला जो नफा होतो, त्यावर तिला वजावट मिळते. पण तो संस्थेचा नफा झाला. ठेवीदाराला मिळालेलं व्याज हा संस्थेचा खर्च असतो आणि ठेवीदाराची कमाई असते. संस्थेची वजावट सभासदाच्या खिशात येत नाही, हे सभेत कोणी स्पष्ट करून सांगत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

आता याचा हिशेब कसा फिरतो ते पाहा. एखादी संस्था 9 टक्के देते, पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, 7.1 टक्के देतं, तेही करमुक्त. दोन टक्क्यांचा फरक पाहून माणूस संस्थेकडे वळतो. पण तो 20 टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह 20.8 टक्के कर जाऊन त्या 9 टक्क्यांचे हातात 7.13 टक्के उरतात. 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला 10 टक्क्यांची ठेवही पीपीएफपेक्षा कमी देते. म्हणजे जोखीम घ्यायची ती जवळजवळ फुकट.

'माझं उत्पन्न कमी आहे, मला कुठे कर लागतो?' असं काही जण म्हणतील. बरोबर आहे. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. पण कर शून्य होणं वेगळं आणि उत्पन्न करमुक्त असणं वेगळं. व्याज एकूण उत्पन्नात मिळवूनच ते 12 लाखांच्या आत आहे की नाही हे ठरतं आणि 4 लाखांच्या वर गेलेल्याला विवरणपत्र भरावंच लागतं. 'दामदुप्पट' ठेवीत तर हमखास घोळ होतो. वर्षानुवर्षं व्याज दाखवायचं नाही आणि मुदत संपल्यावर 3 लाखांचे 6 लाख हातात आले की एकाच वर्षात 3 लाखांचं उत्पन्न उभं राहतं. दरवर्षी जमा होणारं व्याज त्या त्या वर्षी दाखवत गेलं तर ही वेळ येत नाही.

खानदेशात या समजाला एक जोडही मिळते. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून शेतीच्या पैशाची ठेव करमुक्त आणि म्हणून तिचं व्याजही करमुक्त, अशी साखळी रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात आणि शिरपूर-शिंदखेड्याकडे सर्रास ऐकू येते. यातली पहिली कडी तेवढी पक्की आहे. केळीचे पैसे करमुक्त असतात. ते ठेवीत गेले की त्यावर मिळतं ते व्याज शेतीचं उत्पन्न राहत नाही. उलट इतर उत्पन्न मूळ सूट मर्यादेपुढे गेलं आणि शेतीचं उत्पन्न 5 हजारांहून जास्त असलं, तर कराचा दर ठरवताना शेतीचा आकडाही हिशेबात धरला जातो.

करापेक्षा सुरक्षिततेची बाब कितीतरी गंभीर आहे. 'आता 5 लाखांचा विमा असतो, पैसे कुठे जात नाहीत' असं पतसंस्थेच्या ठेवीबद्दल छातीठोकपणे सांगितलं जातं. 4 फेब्रुवारी 2020 पासून 1 लाखाचा 5 लाख झालेला हा ठेव विमा डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीचा आहे. तो बँकांना लागू होतो, त्यात सहकारी बँकाही आल्या. पतसंस्था आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायट्या त्यात नाहीत. ज्याला शंका असेल त्याने रिझर्व्ह बँकेचं 22 नोव्हेंबर 2021 चं प्रसिद्धिपत्रक वाचावं. सहकारी संस्थांनी नावात 'बँक' लावू नये, आणि या संस्थांतल्या ठेवींना डीआयसीजीसीचं विमा संरक्षण नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. पतसंस्थांवर देखरेख सहकार खात्याची असते आणि मल्टिस्टेटवर केंद्रीय सहकार निबंधकांची.

जळगावकरांना हे मी सांगावं लागतं, याचंच वाईट वाटतं. भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट, म्हणजे बीएचआर, याच शहरातून अनेक राज्यांत पसरली आणि इथेच कोसळली. 2015 मध्ये संस्थापकांना अटक झाली आणि त्याच वर्षी संस्थेवर अवसायक नेमला गेला. पुढे 2020 मध्ये पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने जळगावात छापे घातले. ठेवीदारांच्या पावत्या कवडीमोलाने घेऊन त्या कर्जदारांच्या कर्जात वळत्या केल्या, असा आरोप तेव्हा पुढे आला. हाती 1 लाखाची पावती असलेला माणूस ती अर्ध्याहूनही कमी किमतीला देऊन मोकळा का होतो, याचा विचार करा. पैसे कधी मिळतील हे त्याला कोणीच सांगू शकत नाही. बँकेचं तसं नाही. बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तर 2021 च्या दुरुस्तीनुसार विम्याची रक्कम 90 दिवसांत देण्याची तरतूद आहे. सगळ्या पतसंस्था वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. चांगल्या चालणाऱ्या संस्था याच जिल्ह्यांत आहेत. पण त्यांच्या ठेवीवर विमा आहे असं सांगणं ही निव्वळ दिशाभूल आहे.

मग करमुक्त म्हणजे नेमकं काय? कायद्याने नाव घेऊन ज्यांना सूट दिली तेवढंच. सामान्य कुटुंबासाठी त्यात पीपीएफ आणि सुकन्या समृद्धी या दोन योजना मुख्य. दोन्ही केंद्र सरकारच्या आहेत आणि पोस्टात किंवा अधिकृत बँकांत उघडता येतात. पतसंस्थेने स्वतःच्या ठेवयोजनेच्या नावात 'सुकन्या' किंवा 'भविष्य' घातलं म्हणून ती सरकारी होत नाही.

पीपीएफबद्दल सर्वांत मोठी तक्रार म्हणजे 'पैसे 15 वर्षं अडकतात'. समजा, जून 2024 मध्ये खातं उघडलं. 1 एप्रिल 2026 पासून त्यावर कर्ज मिळू शकतं, शिलकीच्या 25 टक्क्यांपर्यंत, आणि त्याचं व्याज पीपीएफच्या दरापेक्षा फक्त 1 टक्का जास्त. 1 एप्रिल 2030 पासून वर्षातून एकदा पैसे काढता येतात. चार वर्षांमागची किंवा आदल्या वर्षअखेरची, यातली जी शिल्लक कमी असेल तिच्या निम्म्यापर्यंत. गंभीर आजार किंवा उच्च शिक्षण असेल तर पाच वर्षांनंतर 1 टक्का व्याज सोडून खातं बंदही करता येतं. मुदत संपते ती 31 मार्च 2040 ला, कारण 15 वर्षं खातं उघडल्याच्या तारखेपासून मोजत नाहीत, त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून मोजतात.

ज्या तोट्याकडे कोणी पाहत नाही, तो पासबुकातल्या तारखेत असतो. व्याज महिन्याच्या 5 तारखेच्या अखेरीपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात. दीड लाख 5 एप्रिलला जमा झाले तर एप्रिलचे 887 रुपये 50 पैसे तुमचे. 6 तारखेला झाले तर त्या महिन्याचं व्याज गेलं. चेकने भरत असाल तर तो वटायला लागणारे दिवस धरून आधीच टाका.

जोखीम पीपीएफमध्येही आहे, पण ती बुडण्याची नाही, दराची आहे. 1986 पासून जानेवारी 2000 पर्यंत 12 टक्के असलेला दर एप्रिल 2020 पासून 7.1 वर आहे. सरकार तो दर तिमाहीला ठरवतं आणि बदलला की जुन्या शिलकीलाही नवाच दर लागतो.

बाकीचे समज थोडक्यात. 'नव्या करप्रणालीत पीपीएफ निरुपयोगी झालं': भरलेल्या रकमेची 80सीची वजावट गेली, व्याजाची करमुक्ती कायम आहे. 'मुलाच्या नावाने आणखी दीड लाख भरता येतात': नाही, पालक आणि अज्ञान मूल मिळून वर्षाची मर्यादा दीड लाखाचीच. 'एका वर्षी भरलं नाही, खातं मेलं': दर चुकलेल्या वर्षाला 500 रुपये आणि 50 रुपये दंड भरून ते सुरू होतं. 'बँक बुडाली तर त्यातलं पीपीएफ बुडेल': देणं केंद्र सरकारचं आहे, बँक फक्त खातं सांभाळते. 'नातीचं सुकन्या आजोबांनी उघडावं': आईवडील असताना चालत नाही, खातं त्यांनीच उघडायचं, मुलगी 10 वर्षांची व्हायच्या आत. 'पोस्टातलं सगळं करमुक्त': मासिक उत्पन्न योजना, ज्येष्ठ नागरिक योजना, किसान विकास पत्र यांचं व्याज करपात्र आहे, बचत खात्याचं तेवढं एकट्याच्या खात्यात 3,500 आणि संयुक्त खात्यात 7,000 रुपयांपर्यंत सूटपात्र. '15जी दिला, आता प्रश्न नाही': हा अर्ज म्हणजे 'माझ्यावर कर निघत नाही' असं लेखी निवेदन असतं. कर निघत असताना तो देणं हा गुन्हा आहे.

31 मार्चनंतर तुमच्या पतसंस्थेत जा आणि वर्षभरात जमा झालेल्या व्याजाचा लेखी दाखला मागा. तो आकडा विवरणपत्र भरणाऱ्याला द्या. आणि ठेव ठेवण्याआधी एवढंच विचारा, 'डीआयसीजीसीच्या यादीत तुमच्या संस्थेचं नाव आहे का?' विमा असलेल्या बँकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे. नाव नसेल तर आयुष्यभराची पुंजी तिथे ठेवू नका.